वंशावळ म्हणून न लिहिलेली वंशावळ

वऱ्हाडातल्या बहुतेक घरांना वंशावळीची आठवण होते ती जात पडताळणीच्या वेळी. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. मग आजोबा-पणजोबांची नावं जुळवत कोतवाल बुक, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, खासरा पत्रक यांच्या नकला काढण्यासाठी तहसिलीच्या खेपा सुरू होतात. दुसऱ्या टोकाला हौसेनं कुलवृत्तांत छापणारी घराणी आहेत. गरज वेगळी असली तरी दोघांचा समज एकच असतो, की वंशावळ जितकी जुनी आणि जितकी सलग तितकी ती खरी. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाड या गावाचा इतिहास नेमका याच्या उलट धडा देतो. इथले पूर्वजांचे सर्वांत भरवशाचे पुरावे वंशावळ म्हणून लिहिलेलेच नाहीत. ते मूर्तीच्या बैठकीवर कोरलेले आहेत, पोथीच्या शेवटच्या पानावर आहेत, चौकीदाराच्या वहीत आहेत. नोंद करणाऱ्याच्या मनात कुळाचा मोठेपणा नव्हता, भलतंच काही होतं. म्हणूनच त्या नोंदीवर विसंबता येतं.

कारंजा हे एके काळी वऱ्हाडातलं श्रीमंत गाव. सुरतेवरच्या दुसऱ्या स्वारीनंतर, १६७० च्या अखेरीस, शिवाजी महाराजांच्या फौजेनं कारंजा लुटलं, यावरून इथल्या पेठेचा लौकिक कुठवर पोहोचला होता ते कळतं. या पेठेत राजस्थानातून दक्षिणेत उतरलेले बघेरवाल जैन व्यापारी होते, आणि दिगंबर जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरं इथे उभी राहिली. या मंदिरांतल्या धातूच्या लहानशा मूर्तींच्या बैठकीवर दोन-चार ओळींचा लेख असतो. त्याचा साचा ठरलेला: आधी संवत किंवा शके आणि मिती, मग संघ, गण, गच्छ, मग ज्यांच्या उपदेशानं प्रतिष्ठा झाली त्या भट्टारकांचं, म्हणजे गादीवरच्या धर्मगुरूंचं नाव, त्यानंतर दात्याची ज्ञाती, गोत्र, त्याचं नाव, त्याच्या भार्येचं नाव, मुलांची नावं आणि कधी सुनांचीही. शेवटी ही सगळी मंडळी नित्य प्रणाम करतात, असं म्हणून लेख संपतो. तळहाताएवढ्या जागेत एक अख्खं घर दिनांकासह नोंदलेलं असतं. त्यातही बायकांची नावं विशेष मोलाची. पिढीजात वंशावळ बापाकडून मुलाकडे सरकते आणि घरात आलेल्या व घरातून गेलेल्या स्त्रिया तिच्यातून गळतात. इथे पुण्याचे वाटेकरी लिहायचे होते, त्यामुळे बायको टाळता आली नाही.

यावर कुणी म्हणेल की मूर्ती बसवणारा सावकारही मिरवणारच. त्याचा लेख तेवढा निःस्वार्थी कसा मानायचा? आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरणही सापडतं. एका जैन मूर्तीवरच्या संवत १५४१ च्या, म्हणजे इ. स. १४८४ च्या सुमाराच्या लेखात बघेरवाल कुळातल्या साह जीजाचं नाव येतं आणि चित्तोडचा कीर्तिस्तंभ त्यानं उभारल्याचा उल्लेख येतो. हा राणा कुंभाचा विजयस्तंभ नव्हे; त्याच गडावरचा, त्याहून जुना, आदिनाथाला वाहिलेला जैन स्तंभ. स्तंभाचा काळ आणि हा लेख यांच्यात मोठं अंतर आहे. तेव्हा असा लेख दोन थरांत वाचायला हवा. हयात दाता, त्याची बायको, मुलं आणि प्रतिष्ठेचं वर्ष हा पहिला थर. प्रतिष्ठेला जमलेल्या मंडळींच्या देखत कोरलेली ही माहिती खोटी असण्याचं कारण नाही. कीर्तिवंत पूर्वजाची आठवण हा दुसरा थर. तो दावा आहे आणि त्याला बाहेरून साक्ष हवी. जीजाच्या बाबतीत ती मिळते, कारण चित्तोडच्या शिलालेखांच्या तुकड्यांतही त्याचं नाव आहे. तो स्तंभकर्ता होता हे त्यामुळे पक्कं होतं. पुढच्या दोन-तीनशे वर्षांतल्या कारंज्याच्या प्रत्येक बघेरवाल घराचा तो मूळपुरुष होता, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. कुळाचा अभिमान नेमका या जागी पुराव्याच्या पुढे धावतो.

बाहेरची साक्ष किती कामाची असते हे सतराव्या शतकातल्या शीलविजय या श्वेतांबर साधूच्या तीर्थमालेवरून दिसतं. गुजरातेतून दक्षिणेच्या यात्रेला आलेल्या या साधूनं कारंज्याच्या भोज संघवीचं वैभव आणि दानशूरपणा वर्णिला आहे. तो या घरचा ना भाट होता, ना त्याचा पंथ या घराचा. पोथ्यांच्या शेवटच्या प्रशस्ती हीही अशीच खाण: पोथी कोणत्या गावी, कोणत्या साली, कुणी कुणाच्या कल्याणासाठी लिहवून घेतली हे त्यांत असतं. कारंज्याच्या भांडारांतल्या पोथ्यांची मोठी नोंद रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीत झाली. पुढे विद्याधर जोहरापूरकरांनी ‘भट्टारक संप्रदाय’ (१९५८) या ग्रंथात मूर्तिलेख, प्रशस्ती आणि पट्टावल्या समोरासमोर मांडल्या. गुरूकडून शिष्याकडे जाणारी पट्टावली ही एक वंशावळच, फक्त रक्ताची नाही. पट्टावली गादीचा खंड लपवू शकते. सालवार मूर्तिलेख तो उघडा पाडतात. घराण्याचा कागद तपासायलाही हीच रीत हवी.

दत्त संप्रदायातले संन्यासी गुरू नृसिंह सरस्वती यांच्या जन्मस्थानाचा शोधही या दृष्टीनं पाहण्यासारखा आहे. संन्याशानं पूर्वाश्रमाचं नाव-गाव सोडायचं असतं. तरीही ‘गुरुचरित्रा’त करंजनगर हे गाव आणि माधव व अंबा ही आईवडिलांची नावं टिकली, कारण ग्रंथकर्त्या सरस्वती गंगाधरांना गुरूचं चरित्र सांगायचं होतं, कुणाच्या घराण्याचा हक्क शाबीत करायचा नव्हता. वासुदेवानंद सरस्वती अर्थात टेंबे स्वामींनी ते गाव म्हणजे हेच कारंजा असं सांगितलं आणि १९३४ मध्ये ब्रह्मानंद सरस्वतींनी इथे गुरुमंदिर उभारलं. काळे हे घराण्याचं आडनाव मात्र स्थानिक परंपरेतून येतं. भक्ताला दोन्ही सारखीच प्रिय असोत. इतिहास लिहिणाऱ्यानं ग्रंथातली नावं आणि परंपरेतलं आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावं.

आणखी एक आक्षेप याहून जड आहे. मूर्ती आणि पोथ्या ही पैसेवाल्यांची मिरास. ज्याच्या घरी दोन वेळची भाकर मुश्कील, त्याचे पूर्वज कुठे शोधायचे? त्याचं उत्तर सरकारी दप्तरात आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि पुढे जमीन मोजणी, जन्ममृत्यूच्या नोंदी सुरू झाल्या. कोतवाल बुकात तारीख, बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं. पुष्कळदा बाळाचं नावही नसतं. मृत्यूच्या पानावर ताप, हगवण, पटकी असं एका शब्दात कारण. पण सावकार आणि मजूर एकाच रकान्यात येतात, हे कुठल्याही कुलवृत्तांतात घडत नाही. ही नोंद दीड शतकाच्या फारशी मागे नेत नाही, हे खरं. मात्र खात्रीच्या पाच पिढ्या ऐकीव पंचवीस पिढ्यांपेक्षा मोलाच्या. जनुकांच्या चाचणीची हल्ली चलती आहे. ती दूरच्या समूहांशी असलेलं नातं संभाव्यतेनं सांगते, पण पणजीचं नाव आणि गाव ती सांगणार नाही.

म्हणून घराण्याची वंशावळ लिहायला बसणाऱ्यानं तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळालं हे लिहावं: वही, लेख, सातबारा की आजीची आठवण. जिथे दुवा तुटतो तिथे जागा मोकळी सोडावी, थोर पुरुष आणून ती भरू नये. आणि सासरी आलेल्या प्रत्येक बाईचं नाव, तिचं माहेर आणि गाव नोंदवावं. मंदिरांच्या विश्वस्तांनी मूर्तिलेखांची छायाचित्रं रोजच्या अभिषेकानं अक्षरं झिजण्याआधी काढून घ्यावीत, आणि तहसिलीतल्या कोतवाल बुकांचं एकेक पान तुकडे होण्याआधी स्कॅन व्हावं. पडताळणीची मुदत संपली की फाईल कपाटात जाते. तिच्यातल्या नकला फेकू नका. पुढच्या पिढीला त्यापेक्षा चांगला पुरावा मिळेलच असं नाही.