संगणक सुरू होतानाचा पासवर्ड बदलायचाय? जुना विसरायच्या आत बदला

ग्रामपंचायत असो, विकास सोसायटी असो की आपले सरकार सेवा केंद्र, ऑपरेटर बदलला की विंडोजचा पासवर्ड नवा माणूस लगेच बदलून घेतो. पण बटण दाबल्याबरोबर, विंडोज यायच्या आधीच जो पासवर्ड मागितला जातो, तो तसाच राहून जातो. तो मदरबोर्डवर, म्हणजे बायोसमध्ये असतो. नव्या मशीनमध्ये त्यालाच यूईएफआय म्हणतात. विंडोज पुन्हा टाकली तरी तो जात नाही.

बदलण्यासाठी मशीन रीस्टार्ट करून कंपनीचं नाव दिसताच ठरलेली की दाबत राहायची. डेल आणि एसरला बहुधा एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१, असेंबल केलेल्या डेस्कटॉपला डिलीट. मशीन इतकी झटपट सुरू होते की की दाबायला सवडच मिळत नाही? मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी असं जाऊन ॲडव्हान्स्ड स्टार्टअपसमोरचं ‘रीस्टार्ट नाऊ’ दाबावं. पुढे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. मात्र बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी वहीत उतरवून ठेवा.

आत ‘सिक्युरिटी’मध्ये दोन पासवर्ड दिसतात आणि घोळ इथंच होतो. सुपरवायझर किंवा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड सेटिंगला कुलूप लावतो. नुसता तोच ठेवला तर बऱ्याच मशीन न विचारता सुरू होतात. सुरू होताना विचारणारा तो यूझर किंवा पॉवर-ऑन पासवर्ड. हवा तो निवडा, जुना टाका, मग नवा दोनदा. नव्याची जागा कोरी ठेवून एंटर मारलं, तर साधारणपणे पासवर्ड निघून जातो. शेवटी सेव्ह करून बाहेर पडा. बहुतेक ठिकाणी त्यासाठी एफ१० असते. इथं मराठी टायपिंग चालत नाही, तेव्हा साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडेच वापरा. कॅप्स लॉक एकदा बघून घ्या.

त्याच पानावर हार्ड डिस्क पासवर्डही असतो. गरज नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. तो विसरला तर डिस्कवरचे दाखले, नोंदी परत मिळणं जवळपास अशक्य. उलट नुसत्या बायोस पासवर्डने फाइली सुरक्षित होत नाहीत. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की त्या वाचता येतात.

जुना पासवर्डच आठवत नसेल तर? जुन्या डेस्कटॉपमध्ये वीज तोडून आतला नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, थोडा वेळ काढला की काम होतं. लॅपटॉपला हा उपाय सहसा लागू पडत नाही. तिथं खरेदीची पावती घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावं लागतं, आणि काही मॉडेलमध्ये मदरबोर्डच बदलावा लागतो. म्हणूनच सेकंड हँड लॅपटॉप घेताना पैसे मोजायच्या आधी दुकानदारासमोरच बायोस उघडून बघावं.