गिटारीचे दक्षिण अमेरिकन उपासक आणि आपली घांगळी

श्रोतेहो, डहाणू आणि तलासरी ह्या तालुक्यांचे नाव निघाले की शहरातील कुटुंबांना चिकूच्या बागा आठवतात, महालक्ष्मीची जत्रा आठवते आणि वारल्यांची चित्रे आठवतात. त्या चित्रांत वेटोळे घालून नाचणारी माणसे आणि त्यांच्या मध्यभागी तारपा फुंकणारा वादक पुष्कळांनी पाहिला असेल. प्रत्यक्ष तारपा ऐकलेले मात्र थोडेच भेटतील. आणि त्याहूनही थोड्यांना घांगळी ठाऊक असेल. दोन भोपळे, एक बांबूची दांडी आणि तिच्यावर ताणलेल्या तारा, एवढाच तिचा संसार! परंतु कणसरी, म्हणजे धान्याची देवता, हिची कथा भगत गाऊ लागला की त्याच्या गळ्याला आधार असतो तो तिचाच.

आज बोलावयाचे आहे ते मात्र दक्षिण अमेरिकेतील गिटारवादकांविषयी. मी स्वतः गिटार वाजविणारा असल्यामुळे ह्या वादकांचा ऋणी आहे. आणि घांगळीची आठवण आरंभी काढली ती केवळ अलंकार म्हणून नव्हे. त्यांच्या इतिहासात आपल्याही उपयोगाचा एक धडा आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आणि स्पॅनिश गलबतांनी पृथ्वीचे दोन्ही कडेचे किनारे गाठले. आपला उत्तर कोकणचा किनारा पोर्तुगिजांच्या अमलाखाली गेला, आणि सन १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत डहाणू मराठ्यांच्या हाती आले. पलीकडे दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश सत्तेबरोबर स्पेनची तंतुवाद्येही उतरली. जेत्यांचे हे वाद्य जितांच्या हाती पडले, आणि दोनतीन शतकांत ते इतके तेथलेच झाले की आज त्या खंडाचे सुखदुःख गिटारीवाचून सांगताच येत नाही.

ह्या उपासकांत अग्रपूजेचा मान आगुस्तिन बार्रिओस याचा. पॅराग्वे देशाच्या ज्या भागात पूर्वी जेझुइट पाद्री ग्वारानी आदिवासींना युरोपीय संगीत शिकवीत असत, त्याच मिसिओनेस प्रांतात १८८५ साली तो जन्मला. गिटारीला आतड्याची तार लावण्याचा प्रघात असता तो धातूच्या तारा वापरी. त्याबद्दल पंडितांनी त्याला नावेही ठेविली. परंतु ध्वनिमुद्रणाचे महत्त्व त्याने फार लवकर ओळखले, आणि १९१४ पूर्वीच त्याचे वादन तबकड्यांवर उतरले होते. १९२१ मध्ये रचलेली 'ला कातेद्राल' ही त्याची कृती ऐकताना प्रार्थनामंदिरातील गंभीर घनस्वर आणि बाहेरच्या रस्त्यावरील लगबग ही दोन्ही एकाच वाद्यातून उमटत आहेत असा भास होतो.

एवढा गुणी कलावंत, पण श्रोते जमवावयाचे तर निराळीच युक्ती करावी लागली! १९३०च्या सुमारास त्याने आपले नाव उलटे लिहून 'नित्सुगा' केले, त्याला मांगोरे ह्या दंतकथेतील आदिवासी नायकाचे नाव जोडले, आणि डोक्यावर पिसांचा मुकुट घालून तो रंगमंचावर येऊ लागला. 'पॅराग्वेच्या अरण्यातून आलेला गिटारीचा पॅगानिनी' अशी त्याची जाहिरात होई. लोक पिसे पाहावयास येत आणि बाखचे संगीत ऐकून परतत. ह्या वेशांतरात कौतुक किती आणि अगतिकता किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे पिसे उतरली, मांगोरे हे नाव मात्र राहिले. १९४४ साली सान साल्वादोर येथे त्याचा अंत झाला. त्याच वर्षी रचलेल्या शेवटच्या कृतीचे नाव 'ईश्वराखातर एक भिक्षा'. तीत अंगठा खालच्या तारेवर दार ठोठावल्यासारखा आघात करीत राहतो आणि वर तीन बोटे एकच स्वर थरथरत ठेवतात. त्यानंतर जग त्याला जवळजवळ विसरले. १९७७ मध्ये जॉन विल्यम्स या वादकाने त्याच्या रचनांची संपूर्ण तबकडी काढली तेव्हा त्याची कीर्ती पुन्हा उजळली. आणि पुढे पॅराग्वेच्या चलनी नोटेवरही त्याची मुद्रा छापली गेली.

हा वारसा वाया गेला नव्हता. १९३२ मध्ये काराकास शहरी बार्रिओसचे वादन ऐकून आंतोनिओ लाउरो या पोराने पियानो व व्हायोलिन सोडून गिटार धरली, आणि व्हेनेझुएलाच्या लोकवाल्ट्झला, ज्यात तीन आणि दोन मात्रांचे ठेके एकमेकांशी लपंडाव खेळतात, मैफिलीत मानाचे पान मिळवून दिले. ब्राझिलचा व्हिला-लोबोस हा तरुणपणी रियोच्या रस्त्यांवरील वादकांत वावरलेला. १९४० मध्ये त्याने गिटारीसाठी पाच प्रेल्यूड रचले. त्यांपैकी चौथा ब्राझिलच्या आदिवासीस वाहिलेला आहे. एकेरी स्वरांची एक उदास ओळ, मग निःशब्दता. मध्ये झऱ्यासारखी धावणारी स्वरमाला. आणि मग तीच ओळ दूरच्या डोंगरावरून यावी तशा पातळ घंटास्वरांत. येथे पिसे नाहीत, सोंग नाही. पण आदिवासी भूमीचा निःश्वास आहे.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. ज्या वारल्यांनी १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठबिगारीचे जोखड झुगारले, त्यांच्या कलेकडे आपण कसे पाहतो? पूर्वी लग्नाच्या चौकाची चित्रे निनावी हातांनी निघत. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्या चित्रांना नाव मिळवून दिले व २०११ साली त्यांना पद्मश्री लाभली. तारप्याच्या बाबतीत जव्हार तालुक्यातील भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली तोच बहुमान जाहीर झाला, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि मिरवणुकीत तारपा पुढे चालू लागला की प्रेक्षकांची दृष्टी वेषावर खिळते. श्वास न तोडता चालणारा तो अखंड स्वर ऐकण्याकडे किती जणांचे ध्यान असते? घांगळीला तर मिरवणुकीतही जागा नाही.

श्रोतेहो, बार्रिओसला पिसे घालावी लागली, हा त्याचा दोष नव्हे. तो त्याच्या श्रोत्यांचा होता. परंतु त्याच्या तबकड्या उरल्या, शिष्यांनी हस्तलिखिते जपली, म्हणूनच त्याचे पुनरुज्जीवन होऊ शकले. घांगळीच्या भगताजवळ ना तबकडी, ना हस्तलिखित. त्याची विद्या त्याच्या कंठात आणि बोटांत. तो गेला की ती गेली. ह्याकरिता त्याचे वादन त्याच्याच पाड्यावर, त्याच्याच वेळी, त्याचे नाव घालून मुद्रित करावे; आणि आपण घरी बसून ते नवलाईची वस्तू म्हणून नव्हे, तर संगीत म्हणून ऐकावे.