पिंगुळीचीं हलतीं चित्रें
हलत्या चित्रांचा इतिहास सांगतांना आपले विद्वान् दादासाहेब फाळक्यांच्या 'आगकाड्यांची मौज' या १९१५ च्या लघुपटापासून आरंभ करितात. फाळक्यांचा मान निर्विवाद आहे; परंतु १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडणाऱ्या, कुडाळनजीकच्या पिंगुळी गांवीं ठाकर लोक चामड्याच्या बाहुल्या दिव्यासमोर नाचवून पडद्यावर रामकथा उभी करीत आले आहेत. चित्रकथींत तर कागदी चित्रें ओळीनें पुढें येतात आणि कथेकरी वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीनें त्यांस बोलतें करितो. ही कला चित्रपटाची पूर्वज नव्हे, असें कोणी म्हणेल. मला तें पटत नाहीं. सावंतवाडी संस्थानचा आश्रय सरल्यावर तिची उपेक्षा झाली, तींत आम्हां शिकलेल्यांचा वांटा मोठा. परशुराम गंगावणे यांनीं मात्र घरच्या गोठ्याचेंच संग्रहालय केलें. २०२१ सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली.