‘क्रांती’ : शब्द, हेतू आणि न्यायालयीन वाचन

संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूत नसून वाचनक्रियेत सिद्ध होतो, ही भूमिका मराठी समीक्षेत आता रुळलेली आहे. परंतु शिक्षा देण्याचा अधिकार असलेला वाचक संहितेपुढे बसतो तेव्हा या भूमिकेचे काय होते, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. ‘क्रांती’ या शब्दाचा न्यायालयीन इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

राजद्रोहाचे १२४-अ हे कलम भारतीय दंडसंहितेत १८७० मध्ये आले. ‘अप्रीती’ हा त्यातील कळीचा शब्द. १८९७ च्या टिळक-खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी त्याचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला, आणि लेखकाचा हेतू त्याच्या शब्दांवरूनच अनुमानावयाचा असतो, असे ज्यूरीस सांगितले. १९०८ मध्ये तर वाद अनुवादावरच येऊन ठेपला. ‘केसरी’तील अग्रलेखांचे इंग्रजी भाषांतर सदोष आहे, हे टिळकांनी परोपरीने मांडले, पण नऊपैकी सात युरोपीय सभासद असलेल्या ज्यूरीने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांना दोषी ठरविले. मराठी शब्दांचा निर्णय बहुतांशी मराठी न जाणणाऱ्यांनी केला.

१९२९ मध्ये भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांना न्यायालयापुढील निवेदनात क्रांती म्हणजे काय, हे सांगावे लागले. क्रांती म्हणजे बॉम्ब-पिस्तुलाचा पंथ नव्हे, अन्यायाधिष्ठित व्यवस्थेचे परिवर्तन होय, असा त्यांचा आशय होता. ‘मॉडर्न रिव्ह्यू’ने ‘इन्किलाब झिंदाबाद’ या घोषणेवर टीका केली तेव्हा त्याच वर्षअखेरीस त्यांनी पुन्हा खुलासा केला. वक्त्यालाच आपल्या शब्दाचा भाष्यकार व्हावे लागले.

स्वातंत्र्यानंतरचे उदाहरण अधिक बोलके आहे. २६ मे १९५३ रोजी बिहारमधील बरौनी येथे केदारनाथ सिंह यांनी भाषणात क्रांतीवरील आपला विश्वास जाहीर केला. त्यांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवितानाच त्याचा अर्थ संकुचित केला : हिंसेस चिथावणी, अथवा सार्वजनिक अव्यवस्था माजविण्याचा हेतू किंवा प्रवृत्ती असेल तरच राजद्रोह. पुढील अनेकांना या निर्णयाने संरक्षण दिले. स्वतः केदारनाथांचे अपील मात्र फेटाळले गेले. या नव्या अर्थानुसार त्यांचे शब्द कलमाबाहेर राहतात, असा युक्तिवाद त्यांच्या वतीने झालाच नाही, अशी नोंद निकालपत्रात आहे. कलमाचा अर्थ बदलला. ‘क्रांती’ या शब्दाचे वाचन झालेच नाही.

‘हेतू किंवा प्रवृत्ती’ या शब्दयोजनेतच पेच आहे. हेतू वक्त्याचा असतो. प्रवृत्ती वाचक ठरवितो. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ कलमाचा वापर स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. पण कलम १५२ मध्ये ‘विध्वंसक कारवाया’ आल्या आहेत. ‘हेतुपुरस्सर किंवा जाणीवपूर्वक’ ही अटही त्यात आहे.

लेखकाच्या हेतूला समीक्षेने दिलेला निरोप हे वाचकाचे स्वातंत्र्य होते. न्यायालयात तोच हेतू आरोपीची ढाल असतो. अर्थनिर्णयनाचा कोणताही सिद्धान्त मांडताना वाचकाच्या हाती कोणती सत्ता आहे, हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारावयास हवा.