गोंडसपणाचे गुण

चेन्नई शहरात गिंडी येथे एक राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २.७ चौरस किलोमीटर. भरवस्तीतल्या या रानात काळवीट आणि चितळ नांदतात. चितळाचे ठिपकेदार पाडस दृष्टीस पडले, की 'किती गोजिरवाणे!' असा उद्गार आपल्या तोंडून निघतोच. हाही एक प्रकारचा गुणदानाचाच प्रकार म्हणावयाचा. फक्त त्यात आकडा नसतो.

सौंदर्यास आकडा लावण्याची हौस मात्र जुनी आहे. १७०८ साली रॉजे द पील या फ्रेंच कलासमीक्षकाने पन्नासाहून अधिक चित्रकारांना वीसपैकी गुण दिले. राफाएलला रेखनात १८ मिळाले, रंगात अवघे १२. पूर्ण वीस गुण त्याने कोणासही दिले नाहीत.

पुढे इंटरनेट आले आणि परीक्षकाचे आसन सर्वांनाच मोकळे झाले. २००५ साली 'किटनवॉर' या संकेतस्थळावर मांजरीच्या दोन पिलांची चित्रे शेजारी शेजारी मांडली जाऊ लागली. अधिक गोंडस कोणते, एवढेच पाहणाऱ्याने ठरवावयाचे. २०१५ साली मॅट नेल्सन या अमेरिकन तरुणाने ट्विटरवर कुत्र्यांना गुण देण्यास प्रारंभ केला. दहापैकी बारा, दहापैकी तेरा! द पीलची कृपणता आणि नेल्सनचे हे औदार्य यांतच या खेळाचे मर्म आहे. येथे परीक्षा हे केवळ निमित्त. माया व्यक्त करावयास एक सोपी रीत मिळते, आणि तीही कोणाचे नुकसान न करता.

पण ही माया जाते कोणाकडे? कोनराड लोरेन्ट्स या प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ साली याचे उत्तर सुचविले. मोठे डोके, उंच कपाळ, टपोरे डोळे, गुबगुबीत गाल ही तान्ह्या बाळाची लक्षणे दिसली, की आपल्या मनात वात्सल्य जागे होते. मग ती लक्षणे बाळाची असोत वा पाडसाची. म्हणजे आपण जे गुण देतो, त्यांतील पुष्कळसे त्या प्राण्याचे नसून आपल्याच अपत्यप्रेमाचे असतात.

याची साक्ष गिंडीतच मिळते. राष्ट्रीय उद्यानाला लागूनच सर्पोद्यान आहे. रॉम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने ते १९७२ साली तेथे उभे राहिले. सापाला ना गुबगुबीत गाल, ना उंच कपाळ. पापण्याही नाहीत. गोंडसपणाच्या परीक्षेत त्याच्या वाट्याला शून्यच यावयाचे. तरी शेतातील उंदरांचा फडशा पाडणारा हाच प्राणी, आणि भीतीपोटी दिसताक्षणी ठेचला जाणाराही हाच. त्याच्याविषयीचे अज्ञान दूर व्हावे, या हेतूने व्हिटेकर यांनी लोकांना त्याच्यासमोर आणून उभे केले.

पाडसाला दहापैकी तेरा गुण आपण खुशाल द्यावेत; त्यात आनंद आहे आणि तो निष्पाप आहे. मात्र तेथून निघताना शेजारच्या सर्पोद्यानातही डोकवावे. ज्याला पाहून माया आपोआप दाटून येत नाही, त्याची ओळखच करून घ्यावी लागते.