मिठीच्या वरच्या अंगाला

कुर्ल्यात आम्ही मिठीला कधी नदी म्हटलंच नाही. नाला म्हणायचो. क्रांतीनगरच्या बाजूने काळं पाणी वाहायचं, आम्ही नाक दाबून पूल ओलांडायचो, संपलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि नाला आमच्या चाळीत शिरला. पोटमाळ्यावर रात्र काढताना वडील म्हणाले, "नदी आहे ही. विहार तलावावरनं येते, आरेतनं."

आरे म्हणजे माझ्या लेखी तोवर दुधाची काचेची बाटली. शहरातले तबेले हलवायला 1949 साली तिथे वसाहत उभी राहिली. म्हशींना जागा झाली, पुढे 1977 ला चित्रनगरीलाही झाली. वारली पाडे त्या आधीपासून होते, पण जमीन कुणाला द्यायची हे त्यांना कोण विचारतंय!

आरेला लागूनच राष्ट्रीय उद्यान. पर्यावरणवाद्यांच्या याचिकेवर हायकोर्टाने 1997 साली तिथल्या झोपड्या हटवायचा आदेश दिला. बातमी वाचून मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. आईची मावसबहीण त्याच जंगलाच्या कडेला राहायची. झोपडी पडल्यावर ती तीन महिने आमच्याकडे होती. पुनर्वसनासाठी सात हजार भरायचे होते, तिने डोरलं मोडलं. जागा आधी कल्याणकडे दाखवली होती. निवारा हक्क समितीवाले भांडले, मोर्चे निघाले, तेव्हा कुठे चांदिवलीला संघर्षनगर झालं. मावशीला तिथे घर मिळालं, पण त्यात दहा वर्षं गेली. त्या तीन महिन्यांत मी तिच्याशी जंगलाबद्दल चकार शब्द बोललो नाही.

2019 ला मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायचं ठरलं. रविवारी लोक साखळी करून उभे राहत. मीही गेलो. पूर पाहिलेला माणूस, मिठीकाठची जमीन भरणार म्हटल्यावर जाणारच. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "झाडासाठी हात धरलास होय? आमच्या वेळी कुठं होतास रे?"

4 ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. झाडाला मिठी मारायची म्हणतात, पण झाडापर्यंत पोचायला तर हवं! रस्ते बंद, जमावबंदी, 29 जणांना अटक. विद्यार्थ्यांच्या एका पत्रावरून सुप्रीम कोर्टाने 7 तारखेला तोड थांबवली. तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती. साखळीने झालं नाही ते पत्राने झालं, पण उशिरा. कारशेड पुढे कांजूरमार्गला नेतो म्हणाले, 2022 ला पुन्हा आरेतच आणलं.

नाकाबंदी उठल्यावर मी गेलो तेव्हा पाड्यावरची एक बाई भाजीची पाटी घेऊन निघाली होती. सांगत होती, दोन दिवस घरी जायला ओळखपत्र दाखवावं लागलं. "तुम्ही रविवारी येता, जाता. आम्ही इथंच."

मी तिला मावशीची गोष्ट सांगितली. ती थांबून ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिला घेऊन या की एकदा."

अजून नेलेलं नाही. मावशीचे गुडघे दुखतात, आणि मीही फार आग्रह केलेला नाही.