कागद आणि कत्तलखाना

१२ मे २००८. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल गावच्या कत्तलखान्यावर सरकारी छापा पडला. ३८९ कामगार पकडले, बहुतेक ग्वाटेमालाचे. रिकाम्या जागांवर पुढे जे आले, त्यांत सोमालीही होते. या अदलाबदलीपाशी मी थांबतो.

दोघेही यादवीने उखडलेले. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ दरम्यान दोन लाखांवर माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली. ओळख पटलेल्या बळींत ८३ टक्के माया आदिवासी. सोमालियाचे राज्य १९९१ साली कोसळले. अमेरिकेने सोमालींना निर्वासित मानले. ग्वाटेमालाच्या लष्कराला मात्र तिचेच पाठबळ होते; म्हणून १९८० च्या दशकात तिथून पळालेले ‘पोटासाठी आलेले’ ठरले. एकाला कागद मिळाला, दुसऱ्याला तुरुंग आणि हद्दपारी.

कागदाने फरक पडतोच. मिनेसोटातले सोमाली मतदार झाले. २०१८ साली इल्हान ओमर संसदेवर निवडून आल्या. पण २०१७ च्या प्रवेशबंदीत सोमालियाचेही नाव होते. आणि कत्तलखान्यातला पट्टा दोघांसाठी सारख्याच वेगाने फिरतो.

या दोघांनी एकमेकांना स्पर्धक समजावे, यातच मालकाची सोय आहे. श्रमिकांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्या आपण हा कागदाचा भेद आधी ओळखायला हवा.